अ‍ॅकरची राजकन्या जोन

इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डची कन्या जोन हिचा जन्म १२७२ साली पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरील अ‍ॅकर या बंदरात झाला. एडवर्ड तेव्हा युवराज होता. पत्नी एलेनॉरसह तो धर्मयुद्धासाठी तेथे गेला होता. जोनचे बालपण फ्रान्समधील पोंत्यू येथे आजीजवळ गेले. जर्मनीचा राजा रूडॉल्फ याचा पुत्र हार्टमान याच्याशी तिचा विवाह ठरला होता. परंतु १२८१ साली तो ऱ्हाईन नदीत बुडून मरण पावला.

१२९० साली तिचा विवाह ग्लॉस्टरचा अर्ल गिल्बर्ट द क्लेअर याच्याशी झाला. वर वधूपेक्षा सुमारे तीस वर्षांनी वडील होता. या विवाहातील खरे महत्त्वाचे कलम जमिनीचे होते. गिल्बर्टने आपल्या सर्व जहागिरी राजाच्या स्वाधीन केल्या आणि राजाने त्या पतिपत्नीला संयुक्तपणे परत दिल्या. एवढी दौलत आपल्या नातवंडांकडेच यावी, हा एडवर्डचा हेतू. एरवी विधवेच्या वाट्याला पतीच्या जमिनीचा तृतीयांश येई. परंतु १२९५ च्या अखेरीस गिल्बर्ट वारला, तेव्हा या करारामुळे संपूर्ण जहागीर तेवीस वर्षांच्या जोनच्या हाती राहिली. पित्याने योजलेली तरतूद कन्येचे बळ ठरली.

अशा विधवेला राजाच्या अनुज्ञेवाचून पुनर्विवाह करता येत नसे. एडवर्डने तिच्यासाठी सॅव्हॉयचा अमादेउस हा वर योजला. पण १२९७ च्या आरंभी जोनने गिल्बर्टच्याच पदरी असलेल्या राल्फ द मॉन्थर्मर या सामान्य कुळातील तरुणाशी गुप्तपणे लग्न केले होते. राजाने तिच्या जमिनी जप्त केल्या आणि राल्फला ब्रिस्टलच्या किल्ल्यात डांबले. थोर अर्लने निर्धन स्त्री वरली तर त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. मग सरदारणीने शूर तरुणाला वर आणले तर त्यात गैर काय, असा तिचा युक्तिवाद एका इतिवृत्तकाराने नोंदविला आहे.

ऑगस्ट १२९७ मध्ये राल्फची सुटका झाली. पित्याचे हृदय द्रवले असेलही. परंतु त्याच महिन्यात एडवर्ड फ्लँडर्सच्या स्वारीवर निघाला, त्याचे अनेक सरदार रुष्ट होते आणि त्याला सैन्याची निकड होती, हे विसरून चालणार नाही. जप्त जहागिरींपैकी बहुतेक जोनला परत मिळाल्या आणि पत्नीच्या अधिकाराने राल्फ अर्ल म्हणवू लागला.

एप्रिल १३०७ मध्ये जोन निवर्तली. सफोकमधील क्लेअरच्या मठात तिचे दफन झाले. त्याच वर्षी अर्लपद राल्फकडून तिचा पहिला पुत्र गिल्बर्ट याच्याकडे गेले. तो १३१४ साली बॅनकबर्नच्या रणांगणावर निपुत्रिक पडला आणि एडवर्डने एवढ्या खटपटीने एकत्र राखलेली जहागीर त्याच्या तीन बहिणींत वाटली गेली.