पंपाला न जुमानणारी घरघर

प्रश्न : वडिलांची घरघर दम्याच्या पंपाने थांबत नाही. एक्स-रे स्वच्छ आहे. आता काय?

उत्तर : निदानच पुन्हा तपासून घ्या. दम्यात असंख्य बारीक नळ्या आकसतात, म्हणून छातीत दोन्हीकडे अनेक सुरांच्या शिट्ट्या ऐकू येतात. सूर एकच असेल, किंवा श्वास आत घेताना गळ्यापाशी आवाज होत असेल, तर मुख्य श्वासनलिकेतच अडथळा असू शकतो : गाठ, थायरॉइडचा दाब, क्षयाचा व्रण, व्हेंटिलेटरच्या नळीनंतरचे आकुंचन. एक्स-रेचा दिलासा फसवा. नलिकेतली गाठ त्यात सहज निसटते. स्पायरोमेट्रीत आलेख चपटा आला तर संशय बळावतो, पण नलिका साधारण ८ मिमीपर्यंत अरुंद होईतो तो सहसा चपटा होतच नाही. म्हणून छातीरोगतज्ज्ञांना सीटी स्कॅन आणि ब्राँकोस्कोपीबद्दल विचारा. पंप मात्र परस्पर बंद करू नका. बसल्याजागी धाप लागली, तर थेट रुग्णालय गाठा.