निकालाच्या दिवशी संकेतस्थळ का थांबते? : सीडीएन आणि लोड बॅलन्सर यांची ओळख

१६ जुलै २०२१ हा दिवस महाराष्ट्रातील दहावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक सहसा विसरणार नाहीत. कोरोनाच्या साथीमुळे त्या वर्षी लेखी परीक्षा झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल तयार करण्यात आला होता. पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचा हा निकाल दुपारी एक वाजता संकेतस्थळावर दिसावयाचा होता. उत्तीर्णांचे प्रमाण ९९.९५ टक्के होते. परंतु ही आनंदवार्ता पाहण्यासाठी मुलांना कित्येक तास ताटकळावे लागले, कारण ऐन वेळी संकेतस्थळेच उघडेनाशी झाली.

असा विलंब सर्वांना सारखाच भोगावा लागतो, असे वरवर वाटते; प्रत्यक्षात तसे नसते. ज्या घरी संगणक आहे, दोन-तीन मोबाइल आहेत, अखंड इंटरनेट आहे, त्या घरातील मूल शंभर वेळा प्रयत्न करू शकते. पेठ-सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर घरातील एकमेव मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो आणि रेंजसाठी टेकडी चढावी लागते. निकाल, प्रवेश, शिष्यवृत्ती हे सारे आज संकेतस्थळांवर आले आहे. म्हणून संकेतस्थळाची रचना हा केवळ अभियंत्यांचा विषय राहिलेला नाही. तो समान संधीचा विषय झाला आहे. त्या रचनेतील दोन प्रमुख घटकांची ओळख करून देणे आणि त्यांचा क्रम का महत्त्वाचा आहे हे सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

लोड बॅलन्सर म्हणजे काय?

आपण मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा दूरच्या एका संगणकाकडे विनंती जाते आणि तो उत्तर पाठवतो. या उत्तर देणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. एका सर्व्हरची क्षमता मर्यादित असते. म्हणून मोठ्या संकेतस्थळांमागे अनेक सर्व्हर उभे केलेले असतात आणि त्यांच्या तोंडाशी लोड बॅलन्सर, म्हणजे भार वाटून देणारी यंत्रणा, बसवलेली असते. आलेली विनंती कोणत्या सर्व्हरकडे द्यावयाची हे ती ठरवते. कधी पाळीपाळीने, कधी ज्याच्याकडे काम कमी आहे त्याच्याकडे. कोणता सर्व्हर सुरळीत आहे याची ती वरचेवर चाचणी घेते आणि बंद पडलेल्यास वाटपातून वगळते.

लोड बॅलन्सर अत्यावश्यक आहे. तथापि त्याची मर्यादा त्याच्या नावातच आहे. तो भार वाटतो, भार कमी करत नाही. दहा सर्व्हरच्या क्षमतेपलीकडे विनंत्या आल्या, तर त्यांची कितीही न्याय्य वाटणी केली तरी दहाही सर्व्हर दमतात. शिवाय प्रत्येक विनंतीला त्याच्या दारापर्यंत यावेच लागते. तो रस्ताच तुंबला तर वाटणीची पाळीही येत नाही.

सीडीएन म्हणजे काय?

कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, संक्षेपाने सीडीएन, म्हणजे निरनिराळ्या शहरांत ठेवलेल्या सर्व्हरांचे जाळे. मूळ संकेतस्थळावरील आशयाच्या प्रती हे सर्व्हर स्वतःजवळ ठेवतात आणि जवळच्या वाचकाला तेथूनच देतात. एखादे पान प्रथमच मागितले गेले, तर जवळचा सर्व्हर ते मूळ केंद्रातून आणतो, वाचकाला देतो आणि ठरावीक मुदतीसाठी प्रत राखून ठेवतो. पुढच्या वाचकांसाठी मूळ केंद्राला हाक मारावी लागत नाही.

नाशिककरांना हे पाण्याच्या उदाहरणाने सहज कळेल. गंगापूर धरणातून येणारे पाणी शुद्ध होऊन शहरातील ठिकठिकाणच्या जलकुंभांत साठते आणि तेथून वस्त्यांत जाते. प्रत्येक घराने थेट धरणावरून पाणी ओढायचे ठरवले, तर धरणाशी कितीही पंप बसवले तरी पुरणार नाहीत. पंपांवरील काम वाटून देणारा तो लोड बॅलन्सर. वस्तीजवळचा जलकुंभ म्हणजे सीडीएन.

या कल्पनेचा इतिहासही वाचनीय आहे. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत इंटरनेटवरील भावी कोंडीचा प्रश्न सहकाऱ्यांपुढे ठेवला. गणिताचे प्राध्यापक टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनिअल लेविन यांनी त्यावर गणिती उत्तर शोधले आणि त्यातून १९९८ मध्ये अकामाई ही कंपनी जन्मास आली.

सीडीएन पुढे का असावे?

पहिला लाभ भार घटण्याचा. समजा, निकालाच्या एका पानात वीस घटक आहेत : बोधचिन्ह, रचना, सूचना, बटणे इत्यादी. त्यांपैकी एकोणीस सर्वांसाठी सारखे आणि केवळ गुण प्रत्येकाचे वेगळे. एक लाख मुलांनी पान उघडले तर वीस लाख विनंत्या निर्माण होतात. सीडीएन पुढे असेल तर त्यांपैकी जवळजवळ एकोणीस लाख वाटेतच पूर्ण होतात आणि लोड बॅलन्सरपर्यंत सुमारे एक लाखच येतात. क्रम उलटा केला, म्हणजे लोड बॅलन्सर आधी ठेवला, तर वीसही लाख विनंत्या मूळ केंद्राच्या दाराशी येणारच.

दुसरा लाभ अंतराचा. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मूळ सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे साडेबारा हजार किलोमीटरवर असेल, तर एका जाण्यायेण्यास किमान १२५ मिलिसेकंद लागतात. सुरक्षित जोडणी प्रस्थापित होताना मजकुराचे पहिले अक्षर येण्याआधीच अशा दोन-तीन फेऱ्या होतात. त्या फेऱ्या मुंबईतील सर्व्हरशीच झाल्या तर नाशिकच्या वाचकाचा वेळ वाचतो. पुढे मूळ केंद्राशी सीडीएनने जोडणी आधीच उघडी ठेवलेली असते, त्यामुळे न साठवता येणारा मजकूरही लवकर येतो.

तिसरा लाभ संरक्षणाचा. खोट्या विनंत्यांचा पूर लोटून संकेतस्थळ पाडण्याचे प्रकार होतात. असा पूर एका दारावर येण्याऐवजी अनेक शहरांतील सर्व्हरांवर विखुरला जातो आणि पुष्कळसा तेथेच गाळला जातो. मात्र यासाठी मूळ केंद्राने फक्त सीडीएनकडून आलेल्या विनंत्याच स्वीकाराव्यात, असा बंदोबस्त हवा. मागचे दार उघडे ठेवून पुढे पहारा बसवण्यात अर्थ नाही.

चौथा लाभ संकटकाळाचा. मूळ केंद्र काही काळ बंद पडले तरी साठवलेली प्रत वाचकाला दाखवता येते. कोऱ्या पडद्यापेक्षा तासाभरापूर्वीची सूचना केव्हाही बरी.

काय साठवावे, काय साठवू नये?

येथे विवेक लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन-भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केले. ते आज इंटरनेटवरही वाचावयास मिळतात. असा ग्रंथ सर्वांसाठी एकच असतो आणि रोज बदलत नाही. तो सीडीएनवर दीर्घकाळ ठेवावा. १४ एप्रिल किंवा ६ डिसेंबरला हजारो वाचक एकदम आले तरी मूळ केंद्रावर ताण येणार नाही.

याउलट महाडीबीटीसारख्या ठिकाणी विद्यार्थी स्वतःच्या नावाने प्रवेश करून शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो. त्या पानावर त्याची जात, उत्पन्न, बँकखाते असते. असे पान चुकून सामायिक साठवणीत गेले, तर एकाची खासगी माहिती दुसऱ्यास दिसेल. ते कदापि साठवू नये. ते थेट लोड बॅलन्सरमार्फत सर्व्हरकडे जावे.

निकाल या दोहोंच्या मध्ये आहे. गुण प्रत्येकाचे वेगळे, परंतु एकदा जाहीर झाल्यावर सहसा न बदलणारे. म्हणून गुणपत्रके आगाऊ तयार करून ठेवता येतात; त्यामुळे ऐन वेळी प्रत्येक विनंतीसाठी माहितीकोश धुंडाळावा लागत नाही. दुरुस्ती झालीच, तर जुन्या प्रती तत्काळ पुसण्याची सोय हवी आणि बैठक क्रमांकाबरोबर आईचे नाव विचारण्यासारखी पडताळणीही सुटता कामा नये.

मर्यादा

सीडीएन आले म्हणून लोड बॅलन्सर अनावश्यक होत नाही. जे काम साठवणीतून भागत नाही ते मूळ सर्व्हरांनाच करावे लागते आणि तेथे वाटणी हवीच. तसेच सर्व विनंत्या सीडीएनच्या पत्त्यांवरून येत असल्याने वाचकाचा मूळ पत्ता वेगळा कळवण्याची व्यवस्था करावी लागते. अन्यथा पत्त्यावरून केलेली वाटणी एकाच बाजूला झुकते. आणि एकाच पुरवठादारावर सर्वस्वी विसंबणेही धोक्याचे. ८ जून २०२१ रोजी फास्टली या सीडीएन कंपनीच्या यंत्रणेतील एका दोषामुळे जगातील अनेक नामांकित संकेतस्थळे एकाच वेळी बंद पडली होती. अलीकडे दहावीचा निकाल एकाहून अधिक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही मिळतो, ही म्हणूनच समाधानाची बाब आहे.

आपले कर्तव्य

२ मार्च १९३० रोजी याच नाशिकमध्ये काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे आपल्या पूर्वजांनी सत्याग्रह आरंभिला. त्या दाराची आणि संकेतस्थळाची बरोबरी करण्याचे कारण नाही. तेथे माणसाचे माणूसपण नाकारले जात होते. येथे यंत्रणा अपुरी पडते. परंतु सार्वजनिक दार कोणासाठी उघडते आणि कोण बाहेर राहतो, हे विचारण्याची सवय आपल्याला त्याच चळवळीने लावली. ती सवय नव्या दारांपुढेही सोडू नये.

आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेले विद्यार्थी आज संगणक क्षेत्रात आहेत, कार्यालयांत आहेत, संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. सार्वजनिक संकेतस्थळाचे काम हाती येईल तेव्हा त्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. सर्वांसाठी सारखे असलेले सर्व काही वाचकाजवळ ठेवले आहे काय? खासगी माहिती साठवणीबाहेर ठेवली आहे काय? आणि या रचनेची चाचणी गर्दीच्या दिवसाआधी, साध्या मोबाइलवर, कमी रेंजच्या गावातून घेतली आहे काय? संकेतस्थळाची खरी परीक्षा तिसऱ्या प्रश्नातच होते. शेवटच्या पाड्यावरील मुलीला तिचा निकाल शहरातील मुलाबरोबर दिसला, तरच ती रचना उत्तीर्ण झाली असे म्हणावे.

जय भीम!