आक्काला शब्द का कळेनात?

आक्का माझी थोरली बहीण. वय ७६. मागच्या दिवाळीत तिच्या मुलाने पुण्याहून एक मोठे खोके आणले. त्यात होम थिएटर होते. होम थिएटर म्हणजे घरातले थेटर. टी.व्ही. तोच जुना, पण आवाज सिनेमागृहासारखा. मुलाची रजा संपली, तो गेला. जोडायचे काम माझ्याकडे आले. मास्तरांना सगळे येते, असे गावाला वाटते ना!

या संचात एक पेटी असते. तिला रिसीव्हर म्हणतात. पाटकरी जसे पाटाचे पाणी शेताशेतात वाटून देतो, तसा रिसीव्हर आवाज वाटून देतो. कोणाला वाटतो? स्पीकरना. समोर एक डावा, एक उजवा. टी.व्ही.च्या खाली एक मधला. बसणाऱ्याच्या दोन अंगांना, जरा मागे, दोन. शिवाय ढमढम आवाजासाठी जमिनीवर एक जाडजूड पेटी, तिला सबवूफर म्हणतात. सिनेमातली माणसे बोलतात ते बोलणे बहुतेक मधल्या स्पीकरमधून येते. हे ध्यानात ठेवा.

मी तारा जोडल्या. सिनेमा लावला. ढग गडगडले तशी खिडकीची तावदाने थरथरली. नातवंडे खूश झाली. पण आक्का म्हणाली, "अरे, वाजंत्री ऐकू येते. ती बाई काय बोलली ते कळत नाही."

मी आवाज वाढवला. वाजंत्री वाढली, शब्द तसेच राहिले. सूनबाई हळूच म्हणाली, "मामा, सासूबाईंचे कान गेले वाटतं." तालुक्याला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचे ठरले. आक्का काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून सिनेमा लागला, की ती उठे आणि ओसरीवर वाती वळत बसे.

ओसरीवर तिचा लहानसा रेडिओ आहे. एका संध्याकाळी मी गेलो, तर रेडिओवर ऐकलेला कांद्याचा भाव तिने मला सांगितला. मी चपापलो. कान गेलेल्या बाईला भाव कसा कळला? डॉक्टरांनीही तपासून सांगितले, "वयाच्या मानाने कान बरे आहेत." मग चूक कोणाची? माझीच. ती कशी झाली, ते सांगतो.

रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो रिसीव्हरला जोडायचा. मग एकेक स्पीकर पाळीपाळीने आवाज काढतो. माइक तो ऐकतो. कोणता स्पीकर किती लांब आहे, किती मोठ्याने वाजतो, हे रिसीव्हर मोजतो आणि त्याप्रमाणे वाटणी ठरवतो. मी काय केले? माइक हातात धरला आणि टी.व्ही.समोरच उभा राहिलो. डोक्यावर पंखा गरगरत होता. आत मिक्सरवर चटणी चालली होती.

माइक आहे तिथेच ऐकणाऱ्याचे कान आहेत, असे यंत्र समजते. मधला स्पीकर माझ्यापासून हातभरावर होता. यंत्राला तो फार मोठा वाटला. त्याने तो दाबला. मागचे दोन लांब होते, म्हणून ते वाढवले. आणि आक्काचा दिवाण कुठे? मागच्या भिंतीला! मागचा स्पीकर तिच्या कानापासून जेमतेम १ मीटर, मधला ४ मीटर. म्हणजे वाजंत्री कानाशी आणि बोलणे लांब, तेही दाबलेले.

आणखी एक गोष्ट. नदीपलीकडे कोणी धुणे आपटत असेल तर पाहा. हात खाली येतो, आवाज मागून येतो. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून १७० मीटरवरून यायला त्याला अर्धा सेकंद लागतो. खोलीतही हेच घडते, फक्त फार थोडे. सेकंदाचे हजार भाग केले, तर १ मीटर जायला आवाजाला सुमारे ३ भाग लागतात. जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचू नये म्हणून रिसीव्हर त्याला तेवढा वेळ थांबवून धरतो. माझ्या मोजणीत त्याने थांबवले कोणाला? मधल्याला!

मग सगळे पुन्हा केले. आधी बटण बंद करून प्लग काढला. तारा तपासल्या. तांबडे टोक तांबड्याला, काळे काळ्याला लागते. उजव्या स्पीकरचे मी उलटे लावले होते! तसे झाले, की एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. मग जाड आवाज पोकळ होतो. तारेची एखादी मोकळी काडी शेजारच्या टोकाला टेकू देऊ नका. पेटी बिघडायची.

आक्काला दिवाणावर बसवले आणि जमिनीपासून कानापर्यंत टेप लावली. ती म्हणाली, "काय रे, शिंप्याकडे देतोस का मला?" फोटोवाल्याकडून तिकाटणे आणले. तेवढ्याच उंचीवर, तिच्या जागी, माइक बसवला. पंखा बंद, मिक्सर बंद, पोरे अंगणात. एक मोजणी तिथे केली. मग वीतभर डावीकडे एक, वीतभर उजवीकडे एक.

यंत्राने काढलेली अंतरे टेपने पडताळली. मधला ४ मीटर, बरोबर. सबवूफरचे अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवले. त्याच्या आतल्या यंत्रात आवाज जरा रेंगाळतो, म्हणून असे होते. ते तसेच राहू द्यावे. पाची स्पीकर लहान होते. म्हणून पडद्यावर 'लहान' निवडले आणि ८० हा आकडा ठेवला. त्यामुळे ८० हर्ट्‌झच्या खालचा जाड आवाज सबवूफरकडे जातो. शेवटी मधला स्पीकर मी हाताने २ डेसिबल वाढवला. डेसिबल हे आवाजाचे माप आहे. म्हाताऱ्या माणसांना एवढी वाढ बरी पडते.

रात्री तोच सिनेमा लावला. आक्का वाती घेऊनच बसली होती. थोड्या वेळाने तिचे हात थांबले.

"ही बाई नवऱ्याशी खोटं बोलतेय," ती म्हणाली.

सूनबाईने माझ्याकडे पाहिले. नातू काहीतरी विचारायला लागला, तर आक्का त्याच्यावर डाफरली, "गप रे मेल्या, ऐकू दे!"