आलेला खटला स्वतः चालवावा की सोपवावा?

प्रश्न : लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी मी सहा वर्षे वकिली करतो. वाटपाचे, बांधाचे, रस्त्याचे दावे आणि चेक न वटल्याची प्रकरणे हेच माझे काम. मामांच्या गावचे एक शेतकरी आले आहेत. पुण्याच्या एका रुग्णालयात त्यांच्या पत्नीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, त्यात पित्तनलिकेला इजा झाली आणि पुढे आणखी दोन शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. पहिल्या शस्त्रक्रियेला दीड वर्ष उलटले आहे. वैद्यकीय निष्काळजीपणाचे प्रकरण मी कधी चालवलेले नाही, पण त्यांचा विश्वास माझ्यावरच आहे. पुण्याचे एक वकील म्हणतात, ‘माझ्याकडे पाठवा, फीमध्ये तुमचा वाटा ठेवतो.’ काय करावे?
– एक वकील

उत्तर : तुमच्या पत्रातल्या ‘दीड वर्षा’ने मला काळजीत टाकले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल व्हायला हवी. उशीर माफ होऊ शकतो, पण वकील ठरत नव्हता हे कारण आयोगापुढे टिकेल असे समजू नका. मुदत पहिल्या शस्त्रक्रियेच्या तारखेपासूनच धरून चाला. खटला कोणी चालवायचा हे ठरायच्या आधीच रुग्णालयाकडे लेखी अर्ज जाऊ द्या. केसपेपर, शस्त्रक्रियेची नोंद, संमतिपत्र, भूलतज्ज्ञाची नोंद, सगळे मागवा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागद द्यावे लागतात, आणि ते जपून ठेवण्याचे बंधन तीनच वर्षांचे आहे.

आता प्रकरण झेपेल का? पोटात कापसाचा बोळा राहिला असता, तर तुम्हीच चालवा असे मी म्हटले असते. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा पुरावा लागतोच असे नाही, चूक उघड दिसत असेल तर त्यावाचूनही भागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव खटल्यात स्पष्ट केले आहे. पित्तनलिकेची इजा त्यात बसत नाही. ‘पुरेशी काळजी घेऊनही अशी इजा होऊ शकते’ हा रुग्णालयाचा पहिलाच बचाव असेल. मग इजा कशी झाली, ती टेबलावरच लक्षात यायला हवी होती का, रुग्णाला पुढे पाठवायला उशीर झाला का, हे दुसऱ्या सर्जनच्या मतातून सिद्ध करावे लागेल. असे लेखी मत द्यायला तयार होणारा सर्जन शोधणे हेच या प्रकरणातले सर्वांत अवघड काम आहे. ज्याने ते आधी केले आहे त्याला वाट माहीत असते. तुमच्या हाती काही महिने उरले आहेत, आणि तेवढ्यात शिकून घेण्याची किंमत त्या बाईंना मोजावी लागेल. हे प्रकरण एकट्याने घेऊ नका.

मात्र ते पुण्याला पाठवून मोकळेही होऊ नका. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. रुग्णालयाला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर मागितलेली भरपाई कितीही मोठी असली तरी प्रकरण जिल्हा आयोगाकडेच जाते. म्हणजे लातूरला. तारखांसाठी पुण्याच्या खेपा त्या कुटुंबाच्या माथी मारायचे काहीच कारण नाही. अशी प्रकरणे चालवलेला वकील जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात शोधा आणि वकीलपत्रावर दोघांची नावे घाला. मसुदा, तज्ज्ञाचे मत आणि युक्तिवाद त्यांच्याकडे. कागद जमवणे, शपथपत्रे आणि त्या माणसांशी बोलणे तुमच्याकडे. तुमच्यावरचा विश्वासही मग वाया जात नाही.

वाट्याबद्दल. बार कौन्सिलचे नियम वकील नसलेल्याशी फी वाटून घ्यायला मनाई करतात, आणि निकालावर ठरणारी टक्केवारी कोणत्याच वकिलाला घेता येत नाही. दोन वकिलांनी मिळून काम केले आणि पक्षकाराला माहीत असलेली फी वाटून घेतली, तर त्यात गैर काही नाही. नुसते प्रकरण पाठवल्याबद्दलचा पैसा मात्र घेऊ नका. तो त्या शेतकऱ्याच्याच खिशातून येणार, आणि वकील निवडताना तुमची नजर गुणावरून वाट्याकडे वळणार.

वकिलाच्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगात दाद मागता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला. तुमच्या हातून मुदत गेली, तर बार कौन्सिल तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई करू शकेल, पण बुडालेली भरपाई त्या कुटुंबाला त्यातून मिळणार नाही. म्हणून वकीलपत्रावर सही घेण्याआधी दोघा पतीपत्नींना बोलावून घ्या. कागद दुसऱ्या वकिलाला दाखवायला त्यांची संमती घ्या. कोण काय करणार, कोणाची फी किती आणि मुदत कोणत्या तारखेला संपते, हे साध्या मराठीत लिहून त्यांच्या हाती द्या.