पाच छेद दोन की दोन छेद पाच?

गाव नमुना सात-बारावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर व आर यांत नोंदलेले असते. शेतकरी मात्र बोलतो एकर आणि गुंठ्यांत. कृषी विद्यापीठांच्या शिफारशी बहुधा हेक्टरी असतात, आणि बियाण्याची पिशवी खरेदी केली जाते ती एकराच्या हिशेबाने. या दोन परिमाणांमध्ये दुभाष्याचे काम करणारी गणितातील एक लहानशी क्रिया आहे. शाळेत तिला ‘गुणाकार व्यस्त’ काढणे असे म्हणतात. ती बहुतेकांना पाठ असते. कोठे लावावयाची, हे मात्र पुष्कळदा निसटते.

एका माहितीपत्रकाचे मुद्रित तपासताना प्रस्तुत लेखकाच्याच हातून ही चूक सुटता सुटता राहिली. सोयाबीनसाठी हेक्टरी ७५ किलो बियाणे, अशी शिफारस होती. एकरी प्रमाण काढताना ७५ ला अडीचने गुणले गेले आणि ‘एकरी १८७.५ किलो’ असा आकडा मुद्रितात उतरला. योग्य आकडा ३० किलो. म्हणजे सव्वासहा पट बियाणे! ते पत्रक तसेच गावोगाव गेले असते, तर त्यावर विसंबणाऱ्याचा पैसा वाया गेला असताच, शिवाय रोपांच्या दाटीने पीकही हातचे गेले असते.

ज्या दोन संख्यांचा गुणाकार १ येतो, त्या परस्परांच्या गुणाकार व्यस्त होत. अपूर्णांकाचा व्यस्त काढताना अंश व छेद यांची अदलाबदल करावयाची, एवढेच आपल्याला शिकविले जाते. २/५ चा व्यस्त ५/२. पण ही अदलाबदल म्हणजे जादू नव्हे. एक एकर म्हणजे स्थूलमानाने २/५ हेक्टर. एका हेक्टराचे पाच समान पट्टे पाडले आहेत, अशी कल्पना करा. त्यांतील दोन पट्टे मिळून एक एकर होतो. पहिले दोन पट्टे घेतले, एक एकर झाला. पुढचे दोन घेतले, दुसरा झाला. शेवटी एक पट्टा उरला, तो अर्धा एकर. एकूण अडीच एकर, म्हणजेच ५/२. छेदातील पाच वर आले ते हेक्टराचे पट्टे पाच म्हणून, आणि अंशातील दोन खाली गेले ते एकरास पट्टे दोन लागतात म्हणून.

पूर्ण संख्येबाबतही हाच नियम आहे. ४० म्हणजे ४०/१; तिचा व्यस्त १/४०. एका एकरात ४० गुंठे, म्हणून एक गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग. दशांश अपूर्णांक असेल, तर ०.४ म्हणजे ४/१०, त्याचा व्यस्त १०/४, अर्थात २.५. ऋण संख्येचा व्यस्तही ऋणच राहतो : -३ चा -१/३. चूक होते ती पूर्णांकयुक्त अपूर्णांकात. अडीच म्हणजे २ पूर्णांक १/२ असे लिहून विद्यार्थी केवळ मागचा भाग उलटवितो आणि २ पूर्णांक २/१, म्हणजे ४, असे उत्तर देतो. अडीच गुणिले चार म्हणजे दहा, एक नव्हे. आधी ५/२ असा अंशाधिक अपूर्णांक करावा आणि मगच उलटवावा. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत असत. त्या पिढीस पावाचा व्यस्त चार, पाऊणचा ४/३, सव्वाचा ४/५, दिडाचा २/३ आणि औटाचा, म्हणजे साडेतीनचा, २/७ हे समजावून देण्यास फारसा वेळ लागला नसता.

भाजकाचा अंश व छेद उलटवून मग गुणाकार करावा, हा नियम भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ या ग्रंथात दिलेला आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याची नोंद जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात आहे. शून्याने भागलेल्या राशीस भास्कराचार्यांनी ‘खहर’ अशी संज्ञा दिली. आजचे गणित मात्र शून्यास व्यस्त नाही, असेच मानते; कारण शून्यास कशानेही गुणले तरी १ येत नाही.

आता मुद्रितातील त्या चुकीकडे वळू. अडीच हा आकडा खोटा नव्हता. तो चुकीच्या जागी वापरला गेला. क्षेत्र हेक्टरांवरून एकरांत आणताना ५/२ ने गुणावे लागते. परंतु ‘हेक्टरी’ दर ‘एकरी’ करताना त्याच्या व्यस्ताने, म्हणजे २/५ ने, गुणावे लागते. कोणाची जमीन २ हेक्टर ४० आर आहे, असे समजा. एकरांत ती २.४० × ५/२ = ६ एकर झाली. एकूण बियाणे हेक्टराच्या हिशेबाने २.४० × ७५ = १८० किलो. शेत तेच असल्याने एकराच्या हिशेबानेही तेवढेच बियाणे लागले पाहिजे : ६ × ३० = १८०. क्षेत्राचा आकडा अडीचपट झाला, म्हणून दर अडीचपटीने घटला. खतमात्रेस व फवारणीच्या औषधासही हाच हिशेब लागू आहे, आणि औषधाच्या बाबतीत तर चुकीची किंमत केवळ पैशात मोजून भागत नाही.

शंका आल्यास दोन्ही बाजूंनी एकूण काढून पाहावे. हेक्टर मोठा, एकर लहान. तेव्हा एकरी दर हेक्टरी दरापेक्षा जास्त आला, तर उलटापालट चुकली असे खुशाल समजावे.

बी-बियाण्यास २/५ आणि ५/२ पुरेसे आहेत, खरेदीखतास नाहीत. एक एकर म्हणजे अधिक नेमकेपणाने ०.४०४७ हेक्टर, आणि त्याचा व्यस्त २.४७१. वरील २ हेक्टर ४० आर क्षेत्र या मानाने सहा एकरांहून सुमारे पावणेतीन गुंठे कमी भरते, आणि पावणेतीन गुंठ्यांसाठी आपल्याकडे बांधावर काय काय घडते, हे वाचकांना सांगावयास नको.