शून्य आणि एक यांची करामत

आपण शून्य ते नऊ अशा दहा अंकांनी गणित करतो. संगणकाला मात्र दोनच अंक पुरतात, ० आणि १. त्याच्या आत विजेची खूप बारीक बटणे असतात. बटण चालू म्हणजे १ आणि बंद म्हणजे ०. या पद्धतीला द्विमान पद्धती म्हणतात.

आपल्या संख्येत एकक, दशक, शतक अशी घरे असतात. दर घराची किंमत दहापट होते. द्विमानात ती दुप्पट होते. म्हणून घरे होतात १, २, ४, ८, १६.

आम्ही हे मैदानावर खेळलो. पाच जणांनी पाटीवर १६, ८, ४, २, १ असे लिहिले आणि ओळीत थांबलो. गुरुजींनी १३ म्हटले. ८, ४ आणि १ वाले उभे राहिले, बाकीचे खाली बसले. म्हणजे ०११०१. पाच गड्यांत ० ते ३१ पर्यंत सगळ्या संख्या होतात. ३२ ला सहावा गडी लागतो.

अक्षरांनाही नंबर दिलेले आहेत. आपल्या 'क' चा नंबर २३२५ आहे. म्हणून पत्र, फोटो, गाणे सगळे ० आणि १ मध्ये लिहिता येते.

हे अंक एका संगणकातून दुसऱ्याकडे नेणारे जाळे म्हणजे इंटरनेट. भारतात ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्व लोकांसाठी सुरू झाले. मोठा निरोप एकदम जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि क्रमांक असतो. मलकापूरहून बुलडाण्याला राजूर घाटातून जातात. तिथे गाडी अडली तर खामगाववरून बोथा घाटाने जाता येते. तसेच तुकडेही वेगळ्या वाटांनी जातात. पोचल्यावर क्रमांकाने परत जुळवतात.

माझे बाबा सोयाबीनची नोंद मोबाईलवर करतात. ही ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सगळ्या राज्यात सुरू झाली. वावरात रेंज नसते. म्हणून बाबा तिथे फोटो काढतात आणि पाण्याच्या टाकीजवळ येऊन पाठवतात. ही नोंद सातबाऱ्यावर लागते. ती नसली तर नुकसानीची मदत मागताना अडचण येते.

आजी म्हणे, "अन् वाटेत एखादा आकडा बदलला तं?" आजीचा प्रश्न बरोबर आहे. १३ मधला ८ वाला खाली बसला तर १३ चे ५ होतात!

त्यावर युक्ती आहे. एक राखणदार गडी जास्त घ्यायचा. उभे राहणारे नेहमी सम झाले पाहिजेत. १३ ला तिघे उभे, म्हणून राखणदारही उभा राहतो. झाले चार. आता वाटेत एक जण बसला तर तिघेच उरतात. विषम झाले की चूक कळते आणि निरोप पुन्हा मागवतात. दोघे बदलले तर मात्र राखणदार फसतो. म्हणून इंटरनेटवर तपासणीचे याहून मोठे गणित करतात.

आता तुम्ही २१ पाठवून पाहा. कोण कोण उभे राहील? आणि राखणदार उभा की बसलेला?

इयत्ता ४ थी