टंचाईतील जंतुनाशके : प्रमाण, वेळ आणि स्वच्छता

सातारा जिल्ह्यातील माण तालुका पर्जन्यछायेत मोडतो. माण नदी बहुतेक काळ कोरडी असते. टंचाईच्या वर्षी गावोगाव टँकरने पाणी आणावे लागते व जनावरांसाठी छावण्या उभ्या राहतात. 2012-13 च्या दुष्काळात आणि पुन्हा 2019 साली म्हसवड येथे माणदेशी फाउंडेशनने अशी छावणी चालविली होती. अशा दिवसांत एका विहिरीवर सारे गाव व एका दावणीशेजारी दुसरी दावण असते. एका ठिकाणी शिरलेला रोग सर्वत्र पसरण्यास वेळ लागत नाही. यास्तव जंतुनाशकांची ओळख प्रत्येक ग्रामकार्यकर्त्यास व शेतकऱ्यास असणे अगत्याचे आहे.

टीसीएल पावडर म्हणजे काय?

विझवलेल्या चुन्यात क्लोरीन वायू मुरवून ही पांढरी भुकटी तयार करतात. ताज्या भुकटीत सुमारे 33 टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. भुकटी पाण्यात मिसळली म्हणजे हायपोक्लोरस आम्ल तयार होते. ते जंतूच्या आवरणातून आत शिरून त्याच्या जीवनक्रिया बंद पाडते. 1847 साली व्हिएन्ना येथे डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले, तेव्हा प्रसूतिगृहातील मातांचे मृत्यू झपाट्याने घटले. तेच द्रव्य आज आपल्या ग्रामपंचायतीत असते.

तथापि हवा, ओल व ऊन लागल्यास क्लोरीन उडून जातो आणि मागे निव्वळ चुना उरतो. म्हणून भुकटी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, कोरड्या व थंड जागी, उजेडापासून दूर ठेवावी.

विहिरीतील पाण्याचे शुद्धीकरण

टँकरचे पाणी पुष्कळदा कोरड्या विहिरीत ओततात. तळाचा गाळ, पाने व दोराबरोबर येणारी घाण त्यात मिसळते. म्हणून टँकर भरताना टाकलेल्या औषधावर विसंबू नये. पाणी विहिरीत पडल्यावर मात्रा पुन्हा ठरवावी.

प्रथम पाणी मोजावे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्यास त्याच संख्येने गुणावे, नंतर पाण्याच्या खोलीने व 3.14 ने गुणून 4 ने भागावे. उत्तर घनमीटरमध्ये येते. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. उदाहरणार्थ, व्यास 5 मीटर व पाणी 2 मीटर असल्यास सुमारे 39 हजार लिटर पाणी होते. स्वच्छ पाण्यास 1000 लिटरला 2.5 ग्रॅम ताजी भुकटी पुरते. परंतु साठवणीत तिचा जोर उतरतो व गाळही क्लोरीन खातो, म्हणून 5 ग्रॅम धरावे. या विहिरीस सुमारे 200 ग्रॅम भुकटी लागेल.

एका बादलीत 100 ग्रॅमहून अधिक भुकटी घेऊ नये. थोड्या पाण्यात ती कालवून मग बादली पाऊण भरावी व दहा मिनिटे स्थिर ठेवावी. वरची निवळ दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडावी व पाणी ढवळावे. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. त्याने पाणी जड होते. हे काम रात्री करावे, कारण निदान एक तास पाणी उपसता कामा नये. सकाळी जलसुरक्षकाने ओ.टी. चाचणी घ्यावी. पाण्यास पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग न आल्यास मात्रा पुन्हा द्यावी.

काही ठिकाणी विहिरीत पोटॅश परमँगनेट टाकण्याची जुनी चाल आहे. पाणी गुलाबी दिसले म्हणजे ते शुद्ध झाले असे नव्हे. पटकीच्या जंतूंवर ते चालत असले, तरी इतर पुष्कळ जंतूंवर त्याचा भरवसा नाही.

गोठा व छावणी

लाळ्या खुरकूत हा विषाणूजन्य रोग आहे. गोठ्यात नेहमी वापरले जाणारे फिनेल अनेक जीवाणूंवर गुणकारी असले तरी या विषाणूवर पुरेसे पडत नाही. हा विषाणू आम्लास व अल्कास मात्र दाद देतो. म्हणून धुण्याच्या सोड्याचे 4 टक्के द्रावण वापरावे : 10 लिटर पाण्यास कोरडी भुकटी 400 ग्रॅम, खडे असल्यास त्यात पाण्याचा अंश असतो, म्हणून सुमारे 1 किलो. छावणीच्या दाराशी या द्रावणात भिजवलेली पोती अंथरावीत.

आजारी जनावराच्या तोंडातील व खुरातील जखमा 1 लिटर पाण्यात 1 ग्रॅम पोटॅश परमँगनेट पूर्ण विरघळवून धुवाव्यात. न विरघळलेला कण कातडी भाजतो. जनावर वेगळे बांधावे व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. जंतुनाशक हे लसीची जागा घेऊ शकत नाही. लस वेळेवर टोचून घ्यावीच.

ध्यानात ठेवावे

1. आधी शेण व माती खरवडून काढावी, मग औषध वापरावे. घाणीत औषधाचा जोर वाया जातो.
2. टीसीएल पावडर आम्ल, फिनेल वा अन्य औषधात मिसळू नये. आम्लाशी संयोग होताच विषारी क्लोरीन वायू सुटतो.
3. मात्रा अंदाजाने न घेता वजन करून घ्यावी.

पाणी थोडे असते तेव्हाच ते अधिक जपावे लागते. मूठभर भुकटी, मोजण्याची पट्टी व तासाभराचा धीर एवढ्यावर एका गावाचे आरोग्य राखता येते.